टांका कोणाच्या मालकीचा?

गेल्या आश्विनांत बालाजीच्या यात्रेसाठीं आम्ही देऊळगांव राजास गेलों होतों. जालन्यास आगगाडींतून उतरलें कीं तेथून मोटारीनें थोड्याच वेळांत गांव येतें. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील हें गांव सिंदखेडच्या जाधवरावांच्या मुलखांतलें, आणि येथील बालाजीचें देवस्थानही त्याच घराण्याशीं निगडित आहे. उत्सवांत मंडपाच्या उंच लाटा उभ्या राहिल्या, म्हणजे एरवीं शांत असणारें हें गांव माणसांनीं फुलून जातें. आमचें कुटुंब नोकरीधंद्यामुळें चार गांवीं पांगलेलें आहे. तरी यात्रेच्या निमित्तानें सर्व मंडळी एका वाड्यांत जमते, आणि पंगतीला चाळीस पानें सहज मांडावीं लागतात.

त्या गर्दींत आमच्या धाकट्या बंधूच्या मुलाचा पाय पत्र्याच्या धारेवर पडला व तळवा दोन इंच फाटला. त्याला घरीं आणतांच आईनें डब्यांतली मूठभर हळद जखमेंत दाबली आणि वर धडपा बांधला. रक्त थांबलें, परंतु जखम खोल होती, म्हणून डॉक्टरांकडे न्यावें लागलें. त्यांनीं प्रथम ती हळद आणि तिच्याबरोबर आंत गेलेली माती धुऊन काढली, धनुर्वाताची सुई टोंचली आणि मग टांके घातले. आंतले टांके आपोआप विरतील, वरचे मात्र पंधरवड्यानें काढावयास यावें, असें सांगून त्यांनीं मुलाच्या हातावर एक गोळी ठेवली, आणि रडें थांबलें.

रात्रीं जेवणें उरकल्यावर ओसरीवर हाच विषय निघाला. आमचा एक पुतण्या कायद्याचा अभ्यास करतो. तो म्हणाला, “आजी, तुझी हळद डॉक्टरांनीं धुऊन टाकली खरी, पण हिच्याच जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेंत एकदां पेटंट दिलें गेलें होतें, ठाऊक आहे का?”

आई म्हणाली, “हळदीवर मालकी? मग उद्यां तुळशीवरही सांगतील!”

मुलाची आई, म्हणजे आमची धाकटी भावजय, आंतून म्हणाली, “मग ज्या दोऱ्यानें याचा पाय शिवला त्या दोऱ्याचा मालक कोण? आणि टांका घालण्याच्या त्या हातोटीचा?”

प्रश्न साधे होते, पण त्यांचीं उत्तरें ओसरीवर कोणालाच धड देतां येईनात. घरीं परतल्यावर आम्ही या विषयाचा थोडा मागोवा घेतला. तेव्हां असें दिसलें कीं, भावजयीनें व आईनें मिळून कायद्याच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवलें होतें. दोरा, हातोटी आणि हळद या तीन गोष्टींना कायदा तीन वेगवेगळीं उत्तरें देतो. आणि तिसऱ्या उत्तरांत तुमच्याआमच्या घरांना सांगण्याजोगें पुष्कळ आहे.

*दोऱ्याची पूर्वपीठिका*

जखम शिवण्याची विद्या आपल्याकडे फार प्राचीन. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत तिचें वर्णन आलें आहे. बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचे तंतु, शणाचे व क्षौमाचे दोरे, प्राण्यांचे स्नायु, केंस, मूर्वा व गुळवेल यांचे धागे, इतके शिवणीचे पदार्थ तेथें सांगितले आहेत. वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथि असे शिवणीचे चार प्रकार दिले आहेत. सुयांचाही विचार आहे: जेथें मांस थोडें तेथें व सांध्यांवर दोन अंगुळांची गोल सुई, मांसल भागीं तीन अंगुळांची तीनधारी सुई, आणि पोटासारख्या नाजुक जागीं धनुष्यासारखी वांकडी सुई. टांके फार दूर घालूं नयेत, फार जवळही घालूं नयेत, असेंही बजावलें आहे. विशेष म्हणजे, शिवण्यापूर्वीं जखमेंतील धूळ, केंस वगैरे काढलें नाहीं तर जखम पिकते, हेंही त्यांत स्पष्ट आहे. आमच्या डॉक्टरांनीं हळद-माती धुऊन काढली ती सुश्रुताच्या आज्ञेबाहेर नव्हती, हें आईला सांगतांच तिचा डॉक्टरांवरील राग बराच निवळला! याच ग्रंथांत, फाटलेल्या आंतड्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश करवावा व मुंग्यांचीं डोकीं तेथेंच राहूं द्यावीं, असाही उपाय आहे. आज ज्यांना आपण जखमेचे चिमटे म्हणतों, त्यांची ही दूरची आजी म्हणावयास हरकत नाहीं.

पश्चिमेकडे मेंढरांच्या आंतड्यांची तांत वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिस्टर यांनीं ती कार्बोलिक आम्लानें निर्जंतुक करून वापरण्याची रीत पाडली. पुढें रसायनशास्त्रानें कृत्रिम दोरा दिला. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा, शरीरांतील पाण्यानेंच हळूहळू विरून जाणारा दोरा निघाला व त्याचें अमेरिकन पेटंट १९६७ सालीं मिळालें. त्या पेटंटाची मुदत केव्हांच संपली. आज अशा दोऱ्याचीं रिळें आपल्या देशांतही अनेक कारखाने बनवितात. कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाहीं. भावजयीच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें: दोरा नवा असेल तर त्याच्या कर्त्याची त्यावर कांहीं काळ मालकी असते, आणि तो काळ सरला म्हणजे तो सर्वांचा होतो.

*परीक्षकाच्या चार चाळण्या*

पेटंटास सरकारी परिभाषेंत ‘एकस्व’ म्हणतात. हा एक प्रकारचा करार आहे. शोधकानें आपला शोध इतक्या उघडपणें लिहून द्यावयाचा कीं, त्या धंद्यांतील दुसऱ्या जाणकारास तो वाचून करतां यावा. त्याच्या मोबदल्यांत सरकार अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें इतरांना तो करण्यास, वापरण्यास व विकण्यास मनाई करण्याचा हक्क त्यास देतें. हिंदुस्थानांत या प्रकारचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. पुढें १९११ चा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९७० चा कायदा झाला, तो १९७२ पासून लागू झाला. त्यांत १९९९, २००२ व २००५ सालीं मोठ्या दुरुस्त्या झाल्या. मुख्य कचेरी कलकत्त्यास असून मुंबई, दिल्ली व चेन्नई येथें शाखा आहेत. देऊळगांव राजाच्या रहिवाशाचा अर्ज मुंबईच्या कचेरीच्या कक्षेंत येतो.

अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालें असें मात्र नव्हे. तो साधारणतः अठरा महिन्यांनीं प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. आणि मग तो परीक्षकापुढें येतो. परीक्षक काय करतो, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं.

समजा, आपल्याकडील एखाद्या तरुण शल्यवैद्यास असें सुचलें कीं, टांक्याची गांठ हीच अडचण आहे. गांठीशीं जंतु दडतात, गांठ सुटते, गांठ मारण्यांत वेळ जातो. तेव्हां दोऱ्यालाच बारीक कांटे काढले तर? शेतांतून येतांना धोतरांत शिरलेलें कुसळ पुढें सरकतें, मागें फिरत नाहीं; तसाच दोरा मांसांत रुतून बसेल आणि गांठीचें काम राहणार नाहीं. कल्पना सुरेख आहे. तो आनंदानें अर्ज करतो.

परीक्षकाची पहिली चाळणी नवेपणाची. अर्जाच्या तारखेपूर्वीं ही गोष्ट जगांत कोठेंही छापली गेली असेल किंवा वापरांत असेल, तर ती नवी नाहीं. परीक्षक जुनीं पेटंटें धुंडाळतो आणि त्याला आढळतें कीं, जॉन अल्कामो नांवाच्या गृहस्थास कांटेरी दोऱ्याचें अमेरिकन पेटंट १९६४ सालींच मिळालें आहे. १९९४ सालीं ग्रेगरी रफ या प्लॅस्टिक-सर्जनांसही या विषयांतील पेटंट मिळालें आहे. तेव्हां ‘कांटेरी दोरा’ एवढाच दावा असेल तर तो पहिल्याच चाळणींतून गळतो.

दुसरी चाळणी कल्पकतेची. शल्यवैद्य म्हणेल, “माझे कांटे अधिक जवळ जवळ आहेत.” परीक्षक विचारील, “त्या धंद्यांतल्या कोणत्याही जाणत्या माणसास हें सहज सुचलें नसतें काय?” सुचण्याजोगें असेल तर तो शोध नव्हे. उलट, कांट्यांची विशिष्ट घडण केल्यामुळें दोरा तुटण्याचें प्रमाण घटतें, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें आणि तसें कोणास पूर्वीं सुचलेलें नसेल, तर तेवढ्यापुरता दावा उभा राहतो. तिसरी चाळणी उपयुक्ततेची: ही वस्तु उद्योगांत बनवितां किंवा वापरतां आली पाहिजे. दोऱ्याच्या बाबतींत ही चाळणी सहसा आड येत नाहीं.

चौथी चाळणी आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाची. शोध म्हणून कशास मानावयाचें नाहीं, याची यादीच त्यांत दिली आहे. उदाहरणार्थ, ठाऊक असलेली सुई, ठाऊक असलेला दोरा व ठाऊक असलेली कात्री एका पेटींत मांडून ‘नवी पेटी’ म्हटलें, आणि प्रत्येक वस्तु आपापलें जुनेंच काम करीत राहिली, तर तो शोध होत नाहीं.

परीक्षकाच्या या साऱ्या हरकती एका अहवालांत अर्जदारास कळविल्या जातात. उत्तरास सहा महिने मिळतात. मागितल्यास आणखी तीन. अर्जदार आपले दावे आंखडते घेतो, युक्तिवाद करतो, प्रसंगीं समक्ष सुनावणी होते, आणि मग अधिकारी निर्णय देतो. पुष्कळ वेळां अर्जदारानें मागितलेला डोंगर आणि त्यास मिळालेला दगड यांत मोठें अंतर असतें. तें अंतर राखणें हेंच परीक्षकाचें काम. त्यानें डोळे मिटले, तर जें सर्वांचें आहे तें एकाच्या नांवावर चढतें. आणि त्यानें नको तितकी अडवणूक केली, तर ज्यानें खरोखर नवें केलें त्याचे श्रम फुकट जातात.

*हातोटीस मालक नाहीं*

आतां दुसरा प्रश्न. टांका घालण्याच्या पद्धतीचें पेटंट मिळतें काय? आपल्याकडे मिळत नाहीं. माणसावर करावयाच्या औषधोपचाराची वा शस्त्रक्रियेची कोणतीही पद्धत हा पेटंटास पात्र असा शोध नव्हे, असें तिसऱ्याच कलमांत सांगितलें आहे. सुईचें नवें यंत्र निघालें तर यंत्राचें पेटंट होऊं शकेल. पण सर्जनाचा हात कसा फिरावा, याचें नाहीं.

हा नियम किती शहाणपणाचा आहे, हें अमेरिकेंतील एका खटल्यावरून दिसतें. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत डोळ्यास असा छेद द्यावयाचा कीं तो आपला आपणच मिटावा, टांका घालण्याची गरजच पडूं नये, या पद्धतीवर डॉ. सॅम्युअल पॅलिन या नेत्रवैद्यांस १९९२ सालीं पेटंट मिळालें. पुढें त्यांनीं व्हर्माँट संस्थानांतील डॉ. जॅक सिंगर या दुसऱ्या नेत्रवैद्यांवर पेटंटभंगाची फिर्याद केली. तेथील वैद्यकजगतांत मोठी खळबळ उडाली. प्रत्येक छेदापूर्वीं सर्जनानें विचार रोग्याचा करावयाचा, कीं आपण कोणाचें देणें लागतों याचा? १९९६ सालीं न्यायालयाच्या हुकुमानें ते दावे निरर्थक ठरले, आणि त्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें कायदा करून, शस्त्रक्रियेची पद्धत वापरल्याबद्दल वैद्यावर पेटंटभंगाचा इलाज चालूं नये, अशी तरतूद केली. म्हणजे अमेरिकेंत पद्धतीचें पेटंट मिळूं शकतें, पण वैद्यास त्याचा धाक नाहीं. आपल्याकडे तें पेटंट मुळांतच मिळत नाहीं. डॉक्टरांनीं आमच्या मुलाचा पाय शिवला, तेव्हां त्यांच्या बोटांवर कोणाचा हक्क नव्हता, हें भावजयीस सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “हें बरें आहे. दुकानदाराकडून दोरा विकत घ्यावा. वैद्याच्या बोटांना कोण मालक असणार?”

*हळदीचा धडा*

राहिला आईचा प्रश्न. १९९५ च्या मार्च महिन्यांत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळालें. ज्या दोघां संशोधकांच्या नांवें तें होतें ते भारतीय वंशाचेच होते. आपल्या देशांतील कोणतीही आजी हें पेटंट वाचून हंसली असती. पण कायद्यापुढें हंसणें हा पुरावा नव्हे.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें, एखादी गोष्ट अमेरिकेबाहेर लोक रोज वापरतात, एवढ्यानें तिचा नवेपणा जात नसे. ती परदेशांत छापलेली किंवा पेटंटांत नोंदलेली असली पाहिजे, अशी अट होती. म्हणजे आमची आई, तिची आई व तिचीही आई यांनीं शेंकडों गुडघ्यांवर लावलेली हळद परीक्षकाच्या हिशेबीं शून्य. आणि एका मासिकांतील एक छापील पान मात्र पुरेसें! हा भेद तेथील कायद्यांतून पुढें २०१३ सालीं गेला; परंतु पुरावा लेखी व तारखेचा असावा ही परीक्षकाची व्यवहारिक गरज आजही तशीच आहे. जें त्याच्यापुढें कागदावर येत नाहीं, तें त्याला दिसणार कसें?

त्या वेळीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेला आणि मुंबईंत गरिबींत वाढून मोठा झालेला हा मराठी शास्त्रज्ञ. परिषदेनें १९९६ सालीं या पेटंटाची फेरतपासणी मागितली. नुसता संताप व्यक्त करून भागणार नव्हतें. म्हणून संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उतारे व नियतकालिकांतील लेख असे बत्तीस आधार पुढें ठेवण्यांत आले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांतील १९५३ सालचा एक लेख होता. १९९७ सालीं अमेरिकन पेटंट-कचेरीनें सारे दावे नाकारले व तें पेटंट रद्द झालें. पैशाच्या दृष्टीनें ही लढाई फार मोठी नव्हती. पण हिनें सगळ्या देशाचे डोळे उघडले. २००१ सालीं पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचें काम सुरू झालें. संस्कृत, हिंदी, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ या भाषांतील ग्रंथांतले योग त्यांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत मांडलेले असतात, म्हणजे परदेशच्या परीक्षकास ‘मला संस्कृत येत नाहीं’ म्हणण्याची सोय उरत नाहीं. आपल्या कायद्यांतही २००२ च्या दुरुस्तीनें, परंपरागत ज्ञान हें शोध मानूं नये, असें स्पष्ट कलम आलें.

हळदीच्या बाबतींत सत्य आपल्या बाजूस होतेंच. जिंकून दिलें तें छापील पानानें. जें छापलें गेलें नाहीं त्याचें काय होतें, याचें उदाहरण आपल्या पुण्याचेंच आहे.

कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर टिपूवरील मोहिमेंत होता. टिपूच्या लोकांनीं त्याला पकडून त्याचें नाक व एक हात कापला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातींतील एका माणसानें त्यास नवें नाक करून दिलें. त्यानें मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर पसरला, त्याबरहुकूम कपाळाची कातडी सोडविली, दोन भुंवयांमधली चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली राखली, आणि कातडी वळवून नाकाच्या जागीं छेदांत बसविली. विशेष पहा: टांका एकही नाहीं! पाण्यांत कालविलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर पसरून त्या एकावर एक बसविल्या, आणि त्यांनींच सांधा धरून ठेवला. चार दिवसांनीं तें काढून तुपांत भिजविलेलें फडकें ठेवलें. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी तोडली. मुंबईच्या दोघां इंग्रज सर्जनांनीं ही क्रिया समक्ष पाहिली. तिचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत १७९४ च्या ऑक्टोबरांत चित्रासह छापून आला. तो वाचून कार्प्यू नांवाच्या सर्जनानें पुढें वीस वर्षांनीं लंडनमध्यें ही शस्त्रक्रिया केली व १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. प्लॅस्टिक-सर्जरीच्या इतिहासांत हा प्रसंग आज सर्वत्र सांगितला जातो.

गाडीवानाचें नांव राहिलें, पाहणाऱ्या सर्जनांचीं नांवें राहिलीं, कार्प्यूचें राहिलें. ज्याच्या बोटांनीं तें नाक घडविलें त्याचें नांव मात्र त्या वृत्तांतांत नाहीं. आपल्याकडे त्या विद्येची नोंद त्या कुटुंबानें किंवा त्याच्या शेजारच्या कोणा लिहित्या माणसानें ठेविली असती, तर आज चित्र निराळें दिसलें असतें. लिहितां येणाऱ्यांचीं घरें तेव्हां पुण्यांत थोडीं नव्हतीं. त्यांना ही गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली नाहीं. हा दोष कोणाचा, हें ज्यानें त्यानें मनाशीं ठरवावें.

*आपण काय करावें?*

वाचकांपैकीं बहुतेक घरांत एखादी जुनी वही, एखादें बाड असतेंच. कोणत्या पाल्यानें खरूज गेली, भाजल्यावर काय लावलें, बाळंतिणीस काय दिलें, हें आजीच्या तोंडीं असतें आणि तिच्याबरोबर जातें. तें लिहून ठेवावें. लिहितांना तारीख घालावी, वनस्पतीचें नांव नीट द्यावें, प्रमाण द्यावें. आणि ज्या उपायानें अपाय झाला तोही प्रामाणिकपणें नोंदवावा. मातीनें भरलेल्या खोल जखमेंत हळद दाबूं नये, हेंही ज्ञानच आहे.

परंतु पेटींत ठेवलेली वही कायद्याच्या दृष्टीनें प्रसिद्ध झालेली नसते. सर्वांस वाचावयास मिळेल असें कोठें तरी तें छापलें पाहिजे. मग तें गांवच्या वाचनालयांत राहणारें एखादें मासिक कां असेना. येथें एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. आपल्या घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस खरोखर नवें कांहीं सुचलें असेल, आणि त्याचें पेटंट घेण्याची इच्छा असेल, तर छापण्यापूर्वीं अर्ज करावा. अगोदर छापलें तर आपलाच लेख आपल्या नवेपणाच्या आड येण्याचा संभव असतो. थोडक्यांत, जें आपलें एकट्याचें म्हणून राखावयाचें त्याचा अर्ज आधीं. जें सर्वांचें म्हणून राखावयाचें तें आधीं छापावें. अर्ज इंग्रजींत किंवा हिंदींत करावा लागतो, ही मराठी माणसास थोडी अडचण आहे. उलट, अर्जदारांत स्त्री असेल तर २०१९ पासून परीक्षण लवकर करून मागण्याची सवलत आहे. तिचा लाभ आमच्या भगिनींनीं अवश्य घ्यावा.

आणखी एक हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही मनुष्य त्यास लेखी विरोध करूं शकतो. तो वकील असावा लागत नाहीं, कारखानदार असावा लागत नाहीं. २०२४ च्या नियमांप्रमाणें त्यास फी पडते व विरोध दखलपात्र आहे कीं नाहीं हें आधीं पाहिलें जातें. पण दार सर्वांना उघडें आहे. परीक्षक एकटा असतो आणि अर्जांचा ढीग मोठा. त्याच्या नजरेंतून निसटलेला एखादा जुना ग्रंथ, एखादें जुनें मासिक कोणीं त्याच्यापुढें ठेवलें, तर तें त्याच्यावर उपकारच करणें होय.

पंधरवड्यानें टांके निघाले. तळव्यावर एक बारीक रेघ राहिली आहे. मुलगा ती मित्रांना मोठ्या अभिमानानें दाखवितो. त्याच्या आईनें दिवाळीच्या सुटींत एक कोरी वही आणली आणि सासूबाईंसमोर बसली. “सांगा आतां, आई,” ती म्हणाली, “हळदीपासून सुरुवात करूं.” आईनें चष्मा पुसला, थोडा वेळ विचार केला, आणि म्हणाली, “आधीं लिही, जखम पाण्यानें स्वच्छ धुवावी.”